निगेटिव्ह शेवटी

लिंबय्या येमूल आधी अंगठी काढतो.
तिच्याखाली अजून एक अंगठी आहे,
भाजल्या कातडीची, पांढरी.
"पान्हा प्लसवर, अंगठी बॉडीला.
सोनं तापतंय की ओ सर, बोटातच."
मी गुपचूप घड्याळ काढून खिशात टाकतो.

अक्कलकोट रोड, मे महिना, चार वाजलेले.
पत्र्याखाली माझी मॅटाडोर,
सत्त्याऐंशीचं मॉडेल.
मागच्या दाराच्या बिजागरीत अजून अडकलेत
चादरींच्या गठ्ठ्यांचे लाल-हिरवे धागे.
जत्रा-जत्रांतून माल विकून थकलेल्या या गाडीत
आता एक बाकडा आहे झोपायला, एक शेगडी,
आणि इंदुमतीच्या इन्सुलिनपुरता फ्रिज.
इंजिन बंद असताना तो चालला पाहिजे, एवढंच.
एक बॅटरी, दोन तारा, तासाभराचं काम,
असं मला वाटलं होतं.

फ्यूजच्या डबीत त्याला सिगरेटची चांदी सापडते,
उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळलेली, काळी पडलेली.
चिमटीत धरून तो ती उजेडात फिरवतो.
"ज्यानं हे केलं
त्याला लवकर घरी जायचं हुतं."
मी रस्त्याकडं बघतो. सिमेंटचा बल्कर जातो.
अठ्ठ्याण्णव साल, तुळजापूरचा घाट, रात्र.
मी तेव्हा ओढायचो.

पंधरा वर्षं त्यानं माग चालवला.
"सूत तुटलं की गाठ मारायची. पाळीत शंभर मारल्यात.
तारेला गाठ न्हाई.
इथनं तिथवर एकच तार, सबंध."
मी आणलेली पिळाची वायर
तो बाकाखाली सरकवतो, अपमान न करता,
शिळी भाकरी बाजूला ठेवावी तशी.

जाड लाल केबल येते, करंगळीएवढी.
प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक फ्यूज.
"दोन्हीकडं कशाला?"
"मधे कुठं घासली तर
आग कुठल्या घरातनं येईल, ठावं असतंय का?"
पत्र्याला भोक, भोकाला रबर.
चेसिसचा रंग तो खरवडत राहतो,
लोखंड चकाकेपर्यंत, मग अर्थचा बोल्ट.
"घाई करूलालाव तुम्ही," मधेच म्हणतो.
मी तर नुसता उभा आहे.

मग रिले. काडेपेटीएवढा डबा.
गाडी चालू, दोघी एकत्र. गाडी बंद, दोघी वेगळ्या.
"न्हाईतर फ्रिज रात्रभर हिचंबी पिईल, तिचंबी,
आन् सकाळी ढकलत बसाल."
आमच्या दुकानात असं काही बसवलेलं नव्हतं.
भाऊ बुडाला तेव्हा
मी कधी रिकामा झालो, कळलंच नाही.

नवी बॅटरी पेटीत बसते, वरून पट्टा,
पेटीतून खाली एक नळी, गॅस बाहेर जायला.
"कोंडून ठेवू नका तिला."
प्लसवर रबरी टोपी.
आणि सगळ्यात शेवटी निगेटिव्ह.
काढताना आधी, जोडताना शेवटी,
हे तो तीनदा सांगतो, तिसऱ्यांदा स्वतःशीच.

इंजिन घरघरतं. मीटरवर तेरा पॉइंट आठ.
"डायनॅमो म्हातारा हाय, पस्तीस अँपिअरचा.
त्याच्याकडनं जास्त मागू नका."
पैसे घेतो, वर दोन जादा फ्यूज देतो,
शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत.
"चांदी नको," एवढंच म्हणतो,
आणि माझ्याकडं बघत नाही.

रात्री होटगीच्या तळ्याजवळ थांबलो.
इंजिन बंद. फ्रिज मधमाशीसारखा गुणगुणत होता.
इंदुमती झोपली, हात उशाखाली.
येमूल म्हणाला होता,
तासाभरानं तारेला हात लावून बघा, गार लागली पाहिजे.
उठून बघितलं. गार होती.
अंधारात थोडा वेळ तसाच बसलो,
मग परत एकदा हात लावला.